तांबड्याचं घर

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वाऱ्याला भिते, विजेला भिते, मेंढ्या पळवणाऱ्या, रात्री टेकडीवरून हेल काढून रडणाऱ्या त्या आभाळातल्या कुत्र्याला तर फारच भिते. त्याचं खरं नाव आमच्यात उघड्यावर कुणी घेत नाही. मी गेरचं, म्हणजे आमच्या नमद्याच्या गोल तंबूचं, दार लावून, चुलीशी बसूनही घेत नाही. "दुलमा, तू एक दिवस स्वतःच्या सावलीला बघून पळत सुटशील," असं माझा नवरा लुवसान म्हणतो. सुटेन. त्याच्या बापाचं काय जातंय?

पण ताखींवर नजर ठेवायच्या कामावर मी इतकी वर्षं टिकले ती या भित्रेपणाच्याच जोरावर. ताखी म्हणजे आमचे रानघोडे. ठेंगणे, पिवळसर, आयाळ ताठ उभी, पाठीला खोगीर कधी लागलेलं नाही. ते कुटुंब करून राहतात. एक घोडा, त्याच्या चार-पाच घोड्या, आणि त्यांची पोरंबाळं. माझं काम म्हणजे कोण व्यायली, कोण आटली, कोणती घोडी रुसून दुसऱ्याच्या घरात घुसली हे बघायचं, आणि प्रत्येकाचा डावीकडून एक, उजवीकडून एक फोटो काढायचा. या कामाला धीट माणूस चालत नाही. धीट माणूस पुढे पुढे सरकतो आणि संध्याकाळी घरी पळणाऱ्या ढुंगणांचे फोटो घेऊन येतो. मी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पालथी पडून राहते. माझं काळीज धडधडत असतं, त्यांचंही धडधडत असतं. थोड्या वेळाने आम्हाला एकमेकांची सवय होते.

माझी सगळ्यात लाडकी घोडी म्हणजे 'पेटी'. ती या खोऱ्यात जन्मलेली नाही. कुठल्याशा परक्या देशात, जाळीच्या कुंपणाआड जन्मली, आणि लाकडी पेटीत घालून विमानातून इथे आणली. पेटी उघडली तेव्हा मी समोर होते. बाकीची जनावरं चौखूर उधळली, ही मात्र दार उघडं असूनही आतच उभी. पाय लटलट कापत होते. मला इतकी माया आली म्हणून सांगू! आता ती म्हातारी झाली आहे. तिच्या कुटुंबातला घोडा 'फाटकान्या' नुसता मिरवायचा धनी आहे. पाण्यावर कधी जायचं, वारा सुटला की कुठल्या आडोशाला जायचं, हे सगळं पेटी ठरवते आणि बाकीचे मुकाट्याने मागे चालतात.

आता माझी मुलगी. नांदिन तिचं नाव. उलानबातरला फोटोग्राफी शिकली. पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, सणाला घरी आली ती शिंगरांच्या दिवसांसाठी मागे राहिली. तिच्या कॅमेऱ्याची नळी एवढी मोठी की लुवसान म्हणाला, "यातून पलीकडच्या जिल्ह्यातली चूल दिसत असेल." मी मनातून सुखावले होते. वाटलं, पोरगी रमली. माझे गुडघे गेलेत, आता हिने माझी जागा घ्यावी.

त्या सकाळी पेटीच्या कुटुंबात नवं शिंगरू दिसल्याची बातमी आली. नांदिन चहा पिता पिता उठली आणि बूट चढवता चढवता म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. सोलला नोकरी मिळतेय. फोटोंच्याच कंपनीत."

"सोल म्हणजे कोरियात?"

"दुसरं कुठलं सोल आहे?"

"आणि परत कधी येणार?"

तिने दुसरा बूट ओढला. आमच्या खोऱ्यातून किती पोरंपोरी कोरियाला गेल्या. पैसे येतात, फोटो येतात, माणसं येत नाहीत. आणि मला भीती वाटली की मी रडत नाही, भांडते.

"जा की! खुशाल जा. नाहीतरी तू इथली राहिलीसच कुठे?"

"आई, उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच? साधा देल अंगात घालताना नाक मुरडतेस तू."

"मेंढीचा वास येतो त्याला."

"मग सोलचं अत्तर लाव!" असं म्हणून मी तिच्या बापाचा जुना देल, तो मेंढीच्या कातड्याचा लांब अंगरखा, तिच्या अंगावर फेकला. तिने तो उचलला आणि दार आपटून बाहेर गेली. बाहेर लुवसान घोड्यावर खोगीर चढवत होता. मी चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडले, "आणि वादळ आलंच तर तुझं शहरी डोकं चालवू नकोस! लगाम सोडून दे. घोडा घरी आणून सोडेल."

"माहितीये!" तीही ओरडली.

घरातलं माणूस बाहेर निघालं की आमच्यात बाई त्याच्या मागे दुधाचा शिंतोडा उडवते. वाट पांढरी होवो, माणूस सुखरूप परत येवो म्हणून. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून मी तो कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी दुधाचा पेला माझ्या शेजारीच होता आणि मी उठले नाही. टापांचा आवाज गेला तरी उठले नाही. दूध नंतर चहात ओतलं.

दुपार कलली तेव्हा आभाळाचा रंग बदलला. वायव्येकडून आधी पिवळी धूळ आली आणि धुळीच्या मागे बर्फ. वसंतातलं वादळ असंच येतं, विचारून येत नाही. गेरच्या दोऱ्या करकरायला लागल्या. छताचं भोक झाकायला गेले तर दोर हातातून निसटत होता. लुवसान मेंढ्यांमागे गेलेला. मी एकटी.

आणि गंमत बघा, एवढी भित्री मी, पण तेव्हा भ्यायले नाही. नांदिन आमच्या करड्या घोड्यावर गेली आहे, हे मी धरूनच चालले होते. करडा याच गेरमागे जन्मला. त्याच्यावर बसून मी स्वतः दोनदा आंधळ्या वादळातून घरी आले आहे. नुसता लगाम सोडायचा, मान खाली घालायची आणि आयाळ धरून ठेवायची. त्याचे पाय त्याला घरी आणतात. मी शेवयांचा रस्सा उकळायला ठेवला. मनात म्हणत होते, येऊ दे कुडकुडत, मग विचारते देलला वास येतो का ते.

रस्सा झाला. ती आली नाही. रस्सा गार झाला, मी परत गरम केला. शेण्या संपत आल्या म्हणून टोपली घेऊन बाहेर पडले. गेरच्या भिंतीला हात लावत लावत मागच्या बाजूला गेले, आणि हात एका गरम, ओल्या अंगाला लागला.

जनावराने मान वळवली. करडा होता. दोरीला बांधलेला, वाऱ्याकडे पाठ करून उभा.

टोपली कुठे गेली मला आठवत नाही. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. खोगिराखालची जागा सोलवटली होती, आणि तिथे ताजी चरबी लावली होती. म्हणजे लुवसानने ती सकाळी पाहिली. सोललेल्या पाठीवर माझा नवरा खोगीर चढवणार नाही, मग आभाळ कोसळो. म्हणजे त्याने तिला दुसरा घोडा दिला. मी दोरी चाचपत पुढे गेले. काळा होता. ठिपक्या होता. तांबडा नव्हता.

मी बर्फातच बसले.

तांबडा मूळचा आमचा नव्हता. मागच्या शरदात लुवसानने तो नदीपलीकडच्या बुर्गास्तायच्या लोकांकडून अदलाबदल करून आणला होता. गुणी जनावर. हिवाळाभर पायबंद घालून ठेवला, वसंतात मोकळा सोडला, तरी गेला नाही. रुळला असं आम्हीच ठरवून टाकलं. पण घोडा कुठेही चरो, कुणाचंही खाओ, त्याचं घर म्हणजे जिथे तो आईच्या पोटातून जमिनीवर पडला ती जागा. हे आमच्यातल्या रांगत्या पोरालाही कळतं. चांगल्या हवेत विसरेल. वादळात मोकळा लगाम मिळाला तर विसरणार नाही.

आणि बुर्गास्ताय म्हणजे दक्षिणेला, नदीपलीकडे. वाराही तिकडेच रेटत होता. नदीवर अजून बर्फ होता, पण तो वरून पांढरा आणि आतून पोखरलेला. गेल्या आठ-दहा दिवसांत त्याच्यावर कुणी मेंढरूसुद्धा घातलं नव्हतं.

लगाम सोडून दे, घोडा घरी आणून सोडेल. मीच सांगितलं होतं. बाहेर येऊन दूध शिंपडलं असतं तर घोडा डोळ्यांना दिसला असता.

लुवसान मेंढ्या घेऊन आला तेव्हा त्याच्या मिशांना बर्फाचे लोलक झाले होते. मी त्याची कॉलर धरली.

"तिला तांबडा दिलास?"

"करड्याची पाठ सोलली होती. मग काय देणार? का, काय झालं?"

"मी तिला लगाम सोडायला सांगितला, लुवसान."

मग त्याने हातमोजा काढला आणि तोंडावरून हात फिरवला. "नदी," एवढंच म्हणाला.

"ती जर त्या बर्फावर..."

"गप्प! तोंडातून वाकडा शब्द काढू नकोस. एकही नाही." माझ्यावर तो असा कधी ओरडला नव्हता. त्यावरून कळलं की तोही तितकाच घाबरला आहे, आणि माझी उरलीसुरली हिंमत गेली. आपला माणूस घाबरलेला बघण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

आमची जीप म्हातारी. एरवी लुवसान ती चालवायला लागला की मी दाराची कडी धरून देवाचं नाव घेते. त्या दिवशी मी म्हणत होते, "जोरात घे, अजून जोरात." समोर काहीच दिसत नव्हतं. काचेवर नुसतं पांढरं. लुवसानने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि चाकाखालच्या वाटेच्या चरावरून अंदाजाने गाडी हाकत होता. दोनदा आम्ही चर सोडला, दोनदा उतरून हाताने चाचपून तो परत शोधला. फोन असून नसल्यासारखा. खोऱ्यात तो टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही. मी सगळा वेळ ओठांतल्या ओठांत एकच म्हणत होते, दूध घालते, रोज घालते, सगळं दूध घालते.

नदीच्या अलीकडे चोइजो आजोबांचं गेर आहे. गाडी थांबताच त्यांचा कुत्रा अंगावर आला. "कुत्रा धरा!" आम्ही दोघं ओरडलो. म्हातारबुवा देल सावरत बाहेर आले.

"अशा हवेत कुणाचं लग्न काढलंत रे?"

"आजोबा, इकडून तांबडा घोडा गेला का?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "गेला. मी मेंढ्या आत घेत होतो तेव्हा. हाक मारली, थांबला नाही. सरळ नदीकडे."

"वर कोण होतं?" मी विचारलं.

"खोगीर होतं."

"खोगिरावर कोण होतं, आजोबा?"

"पोरी, डोळ्यांत बर्फ जात होता. खोगीर दिसलं. माणूस असेलही, नसेलही. खोटं कशाला सांगू?"

लुवसान दोरखंड घेऊन आधीच चालायला लागला होता. आजोबा कंदील घेऊन पुढे झाले. अजून थोडा उजेड होता, पण त्या उजेडाला काही अर्थ नव्हता.

काठावर टापांचे ठसे भरून गेले होते, पण आडोशाच्या दगडापाशी दोन-तीन शिल्लक होते. पाण्याकडे तोंड करून. त्यांच्यापुढे बर्फ, आणि काठापासून थोड्या अंतरावर एक काळं भोक. भोकात पाणी हलत होतं. कडेचे बर्फाचे तुकडे नुकतेच फुटल्यासारखे एकमेकांवर आपटत होते. त्या भोकाच्या काठावर, एका तुकड्याला पट्टा अडकून, नांदिनची कॅमेऱ्याची पिशवी लोंबकळत होती.

मी ओरडले नाही. लोक म्हणतात आई ओरडते. डोळ्यांसमोर ते भोक आणि कानात माझेच शब्द, तू इथली राहिलीसच कुठे. माझी पोरगी या जगातून जाताना शेवटचं हे ऐकून गेली, असं मला वाटलं. कायमचं वाटलं.

लुवसान कमरेला दोर बांधून पोटावर सरकत गेला. मी आणि आजोबांनी दुसरं टोक धरलं. बर्फ त्याच्या खाली कण्हत होता. मला वाटलं, आता हाही जाणार, दोघं जाणार, मी काठावर दोर धरून उभी राहणार. त्याने पिशवी ओढली. भोकात हात घालून खांद्यापर्यंत चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग मागे मागे सरकत आला. त्याची बाही लाकडासारखी कडक झाली होती.

त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "रिकामी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दुलमा, कॅमेरा नाहीये आत. चेन लावलेली आहे आणि आत कॅमेरा नाही."

चेन मी चारदा उघडून बघितली. पिशवी खोगिराला बांधायची तिची सवय. पण कॅमेरा पिशवीत नव्हता, म्हणजे वादळ आलं तेव्हा तो तिच्या गळ्यात होता. म्हणजे ती फोटो काढत होती. घोड्यावरून कुणी असले फोटो काढत नाही, मी तिला पालथं पडून काढायला शिकवलं आहे. म्हणजे ती खाली उतरलेली असेल. असेलही, नसेलही. मी त्या 'असेल'ला घट्ट धरलं.

"पेटी कुठे होती?" मी विचारलं. "आज पेटीचं कुटुंब कुठे होतं?"

"पूर्वेच्या उतारावर."

"मग वारा सुटल्यावर ती लाल घळीत गेली असणार. दर वादळानंतर ती तिथूनच बाहेर येते. पोरगी तिच्यामागे गेली असेल. गाडी काढ."

"अंधार पडतोय. घळीच्या तोंडाशी कडा आहे. गाडी खाली गेली तर पोरीला शोधायला कोण उरेल?" लुवसानने माझे दोन्ही हात धरले. "उजाडेपर्यंत थांब. वारा तोवर पडेल."

तो बरोबर बोलत होता आणि मी त्याला मनात येतील त्या शिव्या दिल्या. चोइजो आजोबांनी दोघांपुढे चहा ठेवला आणि चुलीत शेणी सारली. त्या रात्रीबद्दल मलाही बोलायचं नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, एवढंच.

पहाटे वारा पडला. असा पडला की कान दुखायला लागले. निघताना आजोबांनी थर्मासात दूध भरून दिलं. आम्ही लाल घळीच्या अलीकडे गाडी उभी केली आणि चालत निघालो. नवा बर्फ, स्वच्छ, आणि त्याच्यावर त्याचे ठसे. आभाळातल्या कुत्र्याचे. एकटा नव्हता. घळीच्या तोंडाशी येरझाऱ्या घातल्या होत्या, एके ठिकाणी एकजण बसला होता, परत उठून फिरला होता.

लुवसानने माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. आम्ही चालत राहिलो.

वळणावर फाटकान्या उभा होता. पाठीवर बर्फाची साय, नाकपुड्या फुगलेल्या. आम्हाला बघताच त्याने मान खाली घातली, कान मागे टाकले आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. त्याच्यामागे घोड्या दाटीवाटीने उभ्या होत्या, ढुंगणं बाहेर, तोंडं आत. मधोमध दोन लहानसे कान दिसत होते. पेटी कड्याला टेकून होती. मी नजरेने सगळं धुंडाळलं. माणूस नव्हता.

मग कड्याच्या पायथ्याशी, एका दगडाआड, मला बापाचा देल दिसला. नुसता देल. वर बर्फ साचलेला, हलत नव्हता.

"तू थांब," लुवसान म्हणाला. "तो अंगावर येईल. मी जातो."

"तुला बघून सगळे उधळतील. मला ओळखतात."

ओळखतात की नाही देव जाणे. इतकी वर्षं मी त्यांच्यापासून लांबच राहिले होते. कुठल्याही ताखीच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते, जायची हिंमतच नव्हती. मी वाकले. गुडघे ओरडत होते. नजर जमिनीवर, तोंड बाजूला, त्यांच्याकडे न जाता दुसरीकडेच कुठेतरी चालल्यासारखी, अशी मी तिरकी तिरकी निघाले. फाटकान्या फुरफुरला. तो दोन पावलं आला, मी थांबले. त्याचा गरम श्वास मानेवर आला असावा असं मला वाटलं, किंवा माझाच असेल. आता दात लावतो, आता लाथ घालतो. मी इतकी घाबरले होते की घाबरायला आणखी जागाच उरली नव्हती. त्या देलवरून नजर हलवली नाही. तो पुन्हा फुरफुरला आणि मागे वळला.

मी दगडापाशी पोचले. हात पुढे केला. देलला हात लावायचं धाडस होईना. लावला तर कळणार, आणि मग कळलेलं परत काढून घेता येणार नाही.

देलमधून आवाज आला. "आई, हळू. शिंगरू आत्ताच झोपलंय."

मी तिच्यावर पडले म्हणा, कोसळले म्हणा. "गधडे," मी कुजबुजत ओरडत होते, "गधडे, मूर्ख पोरी, गाढवाच्या कानाची." तिचे ओठ निळे होते, पापण्यांना बर्फ चिकटलेला, आणि देलच्या आत, पोटाशी, तो नळीवाला कॅमेरा धरलेला. मी देलची गुंडी सोडून तिच्या काखेत हात घातला. ऊब होती. तिच्या अंगाला मेंढीचा वास येत होता. इतका चांगला वास मला दुसरा ठाऊक नाही.

थर्मासातलं दूध तिच्या तोंडाला लावलं. दोन घोट घेतल्यावर ती बोलायला लागली, दात वाजत होते तरी.

"तो घोडा माझ्याशी खूप वेळ फुरफुरत होता. मी दगडासारखी पडून राहिले. त्यांनी मला जवळ केलं नाही, आई. पण हाकललंही नाही. रात्री ते आले होते... ते, आभाळातले. मग हा फाटकान्या पुढे गेला आणि सगळ्यांनी मागचे पाय बाहेर केले. मला मधे घेतलं नाही, पण माझ्याकडे यायची वाट त्यांच्यातूनच होती."

"तांबड्याला का सोडलंस? मी काय सांगितलं होतं?"

"लगाम सोडायला. सोडला की. तो गरकन वळला आणि वाऱ्याबरोबर दक्षिणेला निघाला. मी म्हटलं, आईने सांगितलंय, जाऊ दे. मग समोरून पेटी गेली, सगळ्यांना घेऊन, उलट्या दिशेला. एवढंसं शिंगरू सोबत. आणि मला बाबांचं बोलणं आठवलं, शरदात तांबडा कुठून आणला ते." ती थांबली आणि घोटभर दूध प्यायली. "ओढून बघितलं, वळेना. म्हणून उडी मारली. आई, घोडा त्याच्या घरी चालला होता. मला आपल्या घरी यायचं होतं."

मी देलची गुंडी परत लावली आणि तिचे हात माझ्या काखेत घेतले.

खाली ऊन घळीत उतरलं तशी पेटी हलली. तिने एकदा कान आमच्याकडे केले आणि चालायला लागली. घोड्या मागे, शिंगरू लडबडत मधे, फाटकान्या शेवटी. परक्या देशात कुंपणाआड जन्मलेली ती म्हातारी, आम्हा सगळ्यांपेक्षा या खोऱ्यातली. नांदिनने कॅमेरा वर केला, पण बोटं वळेनात. मी तिच्या हातून घेतला आणि फोटो काढला. डावीकडून एक. मग थर्मासात उरलं होतं ते दूध बोटांनी त्यांच्या मागे शिंपडलं. लुवसान लांब उभा होता, डोळे पुसत, आणि वाऱ्यालाच दोष देत होता. वारा तर पडला होता.

नांदिनच्या डाव्या पायाची करंगळी गारठ्याने गेली. डॉक्टर म्हणाला, एवढ्यावर निभावलं. पुढे नदी मोकळी झाल्यावर बुर्गास्तायहून निरोप आला, तुमचा तांबडा आमच्या जुन्या खुंट्यापाशी येऊन उभा आहे, अर्धं खोगीर घेऊन, छाती खरचटलेली. न्यायला या. लुवसान जायला निघाला तेव्हा नांदिन म्हणाली, "राहू दे ना, बाबा. तो पोचलाय." लुवसानने थोडा विचार केला आणि परत चहा प्यायला बसला.

शरदात ती सोलला गेली. सकाळी गाडी आली. देल तिने स्वतः पिशवीत भरला, मी काही म्हटलं नव्हतं. मी बाहेर आले. गाडी बघितली, चाकं बघितली, चालवणारा कुठला, कुणाचा, सगळं विचारून घेतलं. मग पेला घेऊन उभी राहिले आणि गाडी टेकडीआड जाईपर्यंत दूध उडवत राहिले.

"अगं, चहापुरतं ठेव," लुवसान म्हणाला.

मी ठेवलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं काळा चहा प्यायलो. मी अजूनही भिते, रोज भिते. पण आता दार उघडून, बाहेर उभी राहून भिते.